इंग्रजीचे भय आणि विद्यार्थ्याचा आत्मविश्वास



इंदूरच्या एखाद्या मराठी घरातील चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा क्षणभर डोळ्यांपुढे आणा. घरात तो आईशी मराठीत बोलतो. हातात पिशवी घेऊन राजवाड्याकडे निघाला, की कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याशी त्याची हिंदीत घासाघीस सुरू होते. वाटेत मित्र भेटला, तर 'कल बहुत मजा आई' असे तो बिनदिक्कत सांगून टाकतो. वास्तविक हिंदीत मजा पुल्लिंगी आहे. तेथे 'मजा आया' असे म्हणावयास हवे. मराठीतील मजा स्त्रीलिंगी, म्हणून याने ती हिंदीतही स्त्रीलिंगीच ठेवली. मित्र क्वचित हसतो, बहुधा त्याच्या ते ध्यानातही येत नाही, आणि गप्पा पुढे चालू राहतात.

दुसऱ्या दिवशी याच मुलाला वर्गात इंग्रजीतून एक साधा प्रश्न विचारला जातो. उत्तर त्याला ठाऊक असते. तो उभा राहतो, बाकाकडे पाहतो, त्याच्या घशाला कोरड पडते, आणि काही क्षणांनी 'बैस खाली' हे शब्द कानी पडताच सुटकेचा निःश्वास टाकून तो खाली बसतो. बाजारात जो एवढा बोलका, तो वर्गात मुका का व्हावा? या प्रश्नाचा विचार मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

हा प्रश्न केवळ इंदूरचा नाही. बेळगावचा मराठी मुलगा बाजारात कानडी बोलतो, वडोदऱ्याचा गुजराती बोलतो, हैदराबादचा तेलुगू आणि दखनी यांतून वाट काढतो. कानडी आणि तेलुगू या तर मराठीहून सर्वस्वी निराळ्या कुळातील भाषा आहेत. अशा मुलांना भाषा शिकण्याची देणगीच नाही, असे कोण म्हणेल? परंतु इंग्रजीपुढे यांतील कितीतरी मुले हातपाय गाळतात. शाळेत हे एक वेळ निभावून जाते. पुढे महाविद्यालयात शास्त्राच्या किंवा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला सर्व व्याख्याने इंग्रजीत सुरू झाली, म्हणजे त्याचे खरे परिणाम दिसू लागतात. शंका असते, पण ती विचारली जात नाही. तोंडी परीक्षेत सिद्धांत ठाऊक असतो, पण वाक्य जुळत नाही. मग ज्याला विषय येतो त्याला विषय येत नाही असे ठरते, आणि काही काळाने त्या विद्यार्थ्यालाही तेच खरे वाटू लागते. हे नुकसान व्याकरणाच्या चार गुणांचे नसून एका होतकरू मनाचे आहे.

या दुखण्यावर आपण सामान्यतः एकच औषध देतो. 'अरे, आत्मविश्वास ठेव. घाबरतोस काय?' असे आपण म्हणतो. जणू आत्मविश्वास ही खिशात ठेवलेली वस्तू आहे आणि ती बाहेर काढण्याचा आळस हा मुलगा करीत आहे! मला जे सांगावयाचे आहे ते थोडक्यात असे : आत्मविश्वास हा भाषा शिकण्यापूर्वी जमविण्याचा ऐवज नव्हे. लहान लहान गोष्टी प्रत्यक्ष जमू लागल्या, म्हणजे तो मागाहून येतो. आणि जेथे चुकीबद्दल अपमानाचे मोल मोजावे लागते, तेथे मूल काही करून पाहावयासच धजत नाही; मग तो यावा कोठून?

माझ्या स्वतःच्या आयुष्यातील एक प्रसंग सांगतो. मी आठव्या इयत्तेत असताना मास्तरांनी मला धडा मोठ्याने वाचावयास सांगितले. धड्यात बेट या अर्थाचा इंग्रजी शब्द आला. आय, एस, एल, ए, एन, डी ही अक्षरे समोर दिसत होती. देवनागरीत जे लिहिलेले तेच वाचावयाचे या संस्काराने मी 'इस्लंड' असा उच्चार केला. सारा वर्ग हसला, आणि त्याहून वाईट म्हणजे मास्तरही हसले. पुढे जवळजवळ दोन वर्षे मी इंग्रजीच्या तासाला आपण होऊन हात वर केला नाही.

कितीतरी वर्षांनी मला त्या शब्दाचा इतिहास वाचावयास मिळाला. जुन्या इंग्रजीत या शब्दात 'एस' हे अक्षर नव्हतेच. बेट याच अर्थाचा दुसरा एक शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला होता. त्याचे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि त्यात 'एस' आहे. हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत अशा गैरसमजाने पुढे लोकांनी मूळच्या इंग्रजी शब्दात ते अक्षर घुसडले. ते लिहिले जाऊ लागले, पण उच्चारात कधी आले नाही. म्हणजे ज्या चुकीबद्दल वर्ग मला हसला, तिच्या मुळाशी खुद्द इंग्रजी लिहिणाऱ्यांचीच एक जुनी चूक होती! हे मला त्या दिवशी कोणी सांगितले असते, तर वर्गाला एक सुरस गोष्ट कळली असती, आणि माझी दोन वर्षे वाचली असती.

परकीय भाषेच्या वर्गातील हे भय काल्पनिक नाही. १९८६ साली अमेरिकेत एलेन हॉरविट्झ, मायकेल हॉरविट्झ आणि जोआन कोप या तिघांनी त्याचे मोजमाप करण्यासाठी ३३ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. भाषेच्या तासाला वाटणारी ही भीती सर्वसाधारण भित्रेपणाहून वेगळी आहे, असे त्यांनी दाखविले. संभाषणाचा संकोच, परीक्षेची धास्ती आणि लोक आपल्याला काय म्हणतील याची चिंता, अशा तीन गोष्टींशी तिचे नाते त्यांनी जोडले. गणितात धीट असलेला विद्यार्थी इंग्रजीत का बावरतो, याचा उलगडा यातून होतो. गणितात चुकले तर उत्तर चुकते. परक्या भाषेत बोलताना मात्र आपण स्वतःच अपुरे, बालिश दिसत आहोत असे माणसाला वाटते. मनात विचार प्रौढ असतो, आणि जिभेवर शब्द पाच वर्षांच्या मुलाचे येतात.

भीतीमुळे भाषा कच्ची राहते, की भाषा कच्ची असल्यामुळे भीती वाटते, याविषयी विद्वानांत पुष्कळ वाद झाला आहे. शिक्षकाचा अनुभव असा, की हे रहाटगाडगे दोन्ही बाजूंनी फिरते. जो भितो तो बोलत नाही. जो बोलत नाही त्याचा सराव होत नाही. आणि सराव नसला की बोलण्याचा प्रसंग येताच भीती दुणावते. म्हणून केवळ धीर देऊन भागत नाही आणि केवळ व्याकरण घोकून घेऊनही भागत नाही.

मग आत्मविश्वास येतो कोठून? अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली याचे चार उगम सांगितले. पहिला आणि सर्वांत बलवान उगम म्हणजे स्वतः केलेले आणि जमलेले काम. दुसरा म्हणजे आपल्यासारख्याच दुसऱ्या कोणाला ते जमलेले पाहणे. तिसरा म्हणजे इतरांनी दिलेले उत्तेजन. आणि चौथा म्हणजे आपल्या शरीराच्या अवस्थेचा आपण लावलेला अर्थ. आता गंमत पाहा. आम्ही शिक्षक आणि पालक जे औषध सढळ हाताने देतो ते तिसरे, आणि एकटे दिले तर ते फार दुबळे ठरते. 'तुला येईल, तुला येईल' असे दहा वेळा सांगितले, आणि अकराव्या वेळी मुलाला ते आले नाही, तर आधीचे दहाही शब्द फुकट जातात. एक साधे वाक्य मात्र त्याने चार जणांसमोर नीट म्हटले, तर ते त्याच्या पदरात कायमचे पडते.

दुसऱ्या उगमाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. आपण मुलांना थोरांची उदाहरणे देतो. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली, ऐन तारुण्यात, मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतून 'दर्पण' चालविले, हे आपण अभिमानाने सांगतो. तो अभिमान योग्यच आहे. परंतु ऐकणारा मुलगा मनात म्हणतो, 'ते जांभेकर होते, मी कोण?' बँड्युरा यांचे म्हणणे असे, की आदर्श जितका आपल्यासारखा, तितका त्याचा परिणाम अधिक. म्हणून आपल्याच गल्लीतील, आपल्याच मराठी शाळेतून गेलेला, आजही इंग्रजी बोलताना मधूनमधून अडखळणारा, पण काम निभावून नेणारा एखादा दादा किंवा एखादी ताई जर वर्गात येऊन अर्धा तास बोलली, आणि 'मीही पहिल्या वर्षी सहा महिने तोंड उघडले नव्हते' असे तिने प्रांजळपणे सांगितले, तर त्याचा जो उपयोग होतो तो दहा चरित्रांनी होत नाही.

चौथा उगमही दुर्लक्षिण्यासारखा नाही. उभे राहताच छाती धडधडते, तळहाताला घाम येतो, आणि मूल त्याचा अर्थ 'मला हे येत नाही' असा लावते. वस्तुतः ही धडधड कबड्डीच्या सामन्यापूर्वीही होते. तेथे तिला कोणी नालायकीचे लक्षण समजत नाही. 'असे सर्वांनाच होते, मलाही पहिल्या तासाला झाले होते,' एवढे शिक्षकाने सांगितले तरी तिचा अर्थ पालटतो.

आता चुकांकडे वळू. मराठी विद्यार्थी इंग्रजीत ज्या चुका करतो त्या ढिलाईने केलेल्या असतात, असा एक समज आहे. १९६७ साली एस. पिट कॉर्डर या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने या समजाला धक्का दिला. विद्यार्थ्याच्या चुका हा त्याच्या शिकण्याचा पुरावा आहे, असे त्यांनी मांडले. आपली उदाहरणे घेऊ. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. 'मी शाळेत जातो'. म्हणून नवशिका मुलगा 'आय स्कूल गो' म्हणतो. 'तुला चहा आवडतो का?' या वाक्यात आपण एक 'का' जोडला की प्रश्न होतो. इंग्रजीत त्यासाठी आरंभी 'डू' हा शब्द घालावा लागतो, आणि तेथे त्याला स्वतःचा असा काही अर्थ नसतो. साहजिकच तो गळतो. नामामागे लागणारी 'अ' आणि 'द' ही उपपदे मराठीत नाहीतच, म्हणून ती कधी राहून जातात, तर कधी नको तेथे येऊन बसतात. इंग्रजीतील दोन निराळ्या ध्वनींसाठी आपल्याकडे एकच 'व' आहे. यांतील एकही चूक मूर्खपणाची नाही. प्रत्येकीमागे नियम आहे; तो फक्त इंग्रजीचा नसून मराठीचा आहे. आपला मुलगा एका भाषेचे व्याकरण किती पक्के शिकला आहे, याचीच ती साक्ष होय.

उलट इंग्रजीत जे सोपे आहे तेही आपण मुलांना सांगत नाही. मराठीत टेबल नपुंसकलिंगी, खुर्ची स्त्रीलिंगी आणि दिवा पुल्लिंगी, आणि त्याप्रमाणे विशेषणे व क्रियापदे बदलतात. इंग्रजीत ही कटकट नाही. 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांतील कोणते वापरावे हा पेचही तेथे नाही. ज्याने मराठीची तीन लिंगे आणि सारी विभक्तिरूपे लहानपणीच आत्मसात केली, त्याने इंग्रजीपुढे मान खाली घालावी असे काहीच नाही.

मात्र यावरून चुका दुरुस्तच करू नयेत, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? शब्द नाहीत, वाक्ये नाहीत, आणि केवळ धिटाई आहे, असा विद्यार्थी पहिल्या खऱ्या कसोटीला उघडा पडतो आणि मग पूर्वीपेक्षाही अधिक खचतो. प्रश्न आहे तो चूक कशी दाखवावी याचा. कॅनडात फ्रेंच शिकणाऱ्या मुलांच्या वर्गांचे निरीक्षण करून लिस्टर आणि रांटा यांनी १९९७ साली एक महत्त्वाची गोष्ट नोंदविली. मुलाने चुकीचे वाक्य म्हटले की शिक्षक बहुतकरून स्वतःच ते सुधारून म्हणतात आणि पुढे जातात. दुरुस्तीच्या निम्म्याहून अधिक प्रसंगी असेच घडत होते. परंतु या पद्धतीने मूल आपली चूक आपण होऊन सुधारते असे फारसे दिसले नाही. त्यापेक्षा शिक्षकाने थोडी खूण करावी, 'पुन्हा एकदा म्हण पाहू' असे म्हणावे, वाक्याचा आरंभ करून द्यावा, आणि शेवट मुलावर सोपवावा, हे अधिक फलदायी ठरले. यात दुहेरी लाभ आहे. भाषा सुधारते, आणि 'माझी चूक मीच सुधारली' हा अनुभव पदरात पडतो. बँड्युरा यांचा पहिला उगम तो हाच.

यासाठी शिक्षकाजवळ एक गोष्ट हवी, ती म्हणजे थांबण्याची सवय. मेरी बड रो या अमेरिकन विदुषीने शास्त्राच्या वर्गांचा अभ्यास करून १९७४ साली असे दाखविले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरीने जेमतेम एक सेकंद थांबतात. हाच अवकाश तीन सेकंद किंवा अधिक केला, तेव्हा मुलांची उत्तरे लांबली, गप्प बसणे कमी झाले, आणि जी मुले मंद समजली जात होती तीही बोलू लागली. ही गोष्ट मातृभाषेतील वर्गाची झाली. परक्या भाषेत तर मुलाला प्रश्न समजावयाचा, उत्तर शोधावयाचे आणि ते इंग्रजी वाक्यात बसवावयाचे, अशी तिहेरी खटपट करावी लागते. त्याला आपण एक सेकंद देतो आणि मग म्हणतो, याला आत्मविश्वास नाही!

दुसरी गोष्ट म्हणजे मुलाचे लक्ष स्वतःवरून काढून कामावर लावणे. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतात, बंगळूर आणि मद्रास या भागांतील काही शाळांतून, एक प्रयोग केला. व्याकरणाचे पाठ देण्याऐवजी त्यांनी मुलांपुढे कोडी ठेवली. आगगाडीचे वेळापत्रक देऊन अमुक वेळेला पोहोचावयाचे तर कोणती गाडी धरावी, नकाशा देऊन अमुक ठिकाणी कोणत्या वाटेने जावे, असे प्रश्न इंग्रजीतून विचारले आणि सोडवून घेतले. मन कोड्यात गुंतले, म्हणजे भाषा साधन होते. बाजारात हेच घडते. आपला इंदूरचा मुलगा हिंदीची परीक्षा देत नसतो. तो भेंडी स्वस्तात घेत असतो.

माझे मौनही अशाच एका कामाने सुटले. दहावीत आलेल्या दुसऱ्या एका शिक्षकांनी मला उभे करून कधी प्रश्न विचारला नाही. त्यांनी मला फक्त एवढेच सांगितले, की रोज तास सुरू होण्यापूर्वी फळ्याच्या कोपऱ्यात तारीख, वार आणि त्या दिवशीच्या हवेविषयी एक वाक्य इंग्रजीत लिहीत जा. पहिले आठ दिवस मी पुस्तकातून उतरवून काढीत असे. मग स्वतः जुळवू लागलो. एके दिवशी पावसाने दाणादाण उडविली आणि मी सहज दोन वाक्ये लिहिली. गुरुजींनी ती वाचली आणि मला पावसाविषयीच एक प्रश्न इंग्रजीत विचारला. मी उत्तर दिले. ते देऊन झाल्यावर माझ्या लक्षात आले, की मी बोललो.

घरच्या मंडळींनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. पाहुणे आले की 'त्यांना इंग्रजीत बोलून दाखव' हा आग्रह कृपा करून सोडावा. ज्याला येते तोही अशा वेळी गडबडतो, आणि शेजारच्या मुलाशी तुलना झाली तर घाव खोल बसतो. इंग्रजी येणे म्हणजे हुशार असणे, हे जे समीकरण आपण नकळत मुलांच्या मनात ठसवतो, ते निखालस खोटे आहे. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रिशार क्लेमां यांच्या अभ्यासातून असे पुढे आले, की दुसऱ्या भाषेतील आत्मविश्वास तिच्याशी येणारा संबंध किती वेळा येतो यावर, आणि तो किती सुखद असतो यावरही अवलंबून असतो. म्हणून घरात रोज दहा मिनिटे इंग्रजी वर्तमानपत्रातील एखादी क्रिकेटची बातमी मुलाबरोबर वाचावी. आपल्याला एखादा शब्द अडला तर तो मुलाच्या देखत कोशात पाहावा. वडीलधाऱ्यांनाही शब्द अडतात आणि त्यात लाज नसते, हे मुलाने पाहणे हाच एक मोठा धडा आहे.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्ही स्वतः काय कराल? आपल्या आवडीचा, पाच-सहा वाक्यांचा एक सोपा उतारा निवडा आणि तो मोठ्याने वाचून तोंडपाठ करा. पाठांतर ही आपल्याकडची जुनी विद्या आहे. तिने जीभ वळते आणि वाक्ये तयार मिळतात. बोलावयाचे असेल ते आधी दोन ओळींत लिहून काढा, मग शेजारच्या मित्राला सांगा, आणि त्यानंतर वर्गाला सांगा. एक लहानशी वही ठेवा. तीत आज इंग्रजीत जे जमले ते एका ओळीत तारखेसह लिहा. आषाढात जे वाक्य जुळत नव्हते ते कार्तिकात सहज जुळू लागले, असे त्या वहीतच तुम्हांला दिसेल. दुसऱ्याच्या शाबासकीपेक्षा हा पुरावा अधिक भरवशाचा आहे.

अखेर पुन्हा त्या भाजीवाल्याकडे जाऊ. आपल्या मुलांनी त्याच्याशी बोलताना व्याकरण कमी चुकवले असे नाही. तेथे चुकूनही भाजी मिळत होती, आणि कोणी त्यांना 'बैस खाली' म्हणत नव्हते. एवढीच मोकळीक वर्गात आणि घरात दिली, आणि तिच्या जोडीला रोजचे थोडेसे काम दिले, तर जो मुलगा एक परकी भाषा रस्त्यावर शिकला तो दुसरी शाळेत खात्रीने शिकेल. उद्या इंग्रजीच्या तासाला एखादे मूल उभे राहून गप्प झाले, तर आपण मनातल्या मनात एक, दोन, तीन असे मोजावे आणि थांबावे. चौथ्या अंकाला बहुधा ते बोलू लागेल.